सुखात्मे, चहाचे कप आणि ‘चूक की बरोबर’

सांगलीच्या एका शिक्षक-शिबिरात एका बाईंनी विचारले होते, “दहा ‘चूक की बरोबर’ घातले आणि अजिबात अभ्यास न केलेल्या मुलाचे आठ बरोबर आले, तर त्याला येतं असं मानायचं का?”

यातली मोजणी आपल्याकडे फार जुनी आहे. छंदशास्त्रात अक्षर लघू तरी असते किंवा गुरू. तिसरा पर्याय नाही. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) गायत्रीच्या सहा अक्षरी चरणाचे प्रकार विचारले आहेत. ते एकूण ६४ : एकही गुरू नसलेला १, एक गुरू असलेले ६, मग १५, २०, १५, ६ आणि सगळे गुरू असलेला १. ‘गुरू’च्या जागी ‘बरोबर’ वाचा, की झाले आपले गणित! दहा प्रश्नांची उत्तरे १०२४ प्रकारे लिहिता येतात. त्यांत आठ बरोबर असलेले ४५, नऊ बरोबर असलेले १० आणि दहा बरोबर असलेला १, म्हणजे ५६. नुसत्या अंदाजाने आठ किंवा अधिक गुण मिळण्याची संभाव्यता झाली साडेपाच टक्के. साठांच्या वर्गात सगळ्यांनीच अंदाज केला, तरी सरासरीने तिघे ‘हुशार’ ठरतील.

या मोजणीवरून एखाद्याच्या ज्ञानाबद्दल निकाल कसा द्यायचा, याचे गाजलेले उदाहरण रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात दिले. एक बाई म्हणते, कपात आधी दूध ओतले की आधी चहा, हे मला चवीवरून कळते. तिच्यापुढे आठ कप ठेवायचे, चार असे, चार तसे. क्रम मात्र नशिबावर सोडायचा. आठांतून चार कप ७० प्रकारे निवडता येतात, म्हणून सगळे अंदाजाने जुळण्याची संभाव्यता ७० त १. एका जोडीची जरी अदलाबदल झाली, तरी फिशर तिचा दावा मानायला तयार नव्हते.

फिशर तेव्हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात होते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे त्याच सुमारास तिथे संख्याशास्त्राचे संशोधन करत होते. भारतात परतल्यावर त्यांनी पिकाच्या उताऱ्याचा अंदाज घेण्याच्या पद्धतीवर काम केले. पीक नजरेने जोखण्याऐवजी शेतातले तुकडे यदृच्छेने निवडायचे, तेवढेच पीक कापायचे आणि तोलायचे. कोणता तुकडा घ्यायचा हे माणसाच्या मनावर ठेवायचे नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. कपांच्या क्रमामागेही तोच आहे.

आणि प्रश्नपत्रिका काढताना आपण नेमके तेच विसरतो. पाच विधाने बरोबर, पाच चूक, अशी वाटणी हात आपोआप करतो. मुलांना ती सवय कळली, की १०२४ ऐवजी २५२ च प्रकार उरतात. त्यांत आठ बरोबर असलेले २५ आणि दहा बरोबर असलेला १ (नऊ येऊच शकत नाहीत, का ते वर्गात विचारून पाहा). साडेपाचाचे झाले दहा टक्के! त्यापेक्षा विधान चूक द्यायचे की बरोबर, हे प्रत्येक वेळी नाणे उडवून ठरवावे.

चुकीच्या उत्तराला गुण वजा केले, तर अंदाज करणाऱ्याची सरासरी शून्यावर येते खरी, पण थोडेफार येणारा भित्रा मुलगा प्रश्न सोडून देतो. मला तो उपाय आवडत नाही. प्रश्न वाढवणे बरे : वीसपैकी सोळा किंवा अधिक अंदाजाने येण्याची संभाव्यता हजारात सहाच्या आसपास उतरते.

हे फळ्यावर मांडून झाल्यावर बाई म्हणाल्या, “म्हणजे वीस प्रश्न काढायचे, आणि वीस तपासायचे. वर्गात बहात्तर मुलं आहेत, सर.”