तोंडाने श्वास, नाकावर मास्क : ‘सीपॅप’चे पहिले दिवस

रोह्याला खेटून असलेल्या वरसे गावाची नोंद जनगणनेत शहरी वस्ती म्हणून झाली आहे. जवळच धाटावची औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यांच्या पाळ्यांवर येथील अनेक घरांचे घड्याळ चालते. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो आणि दिवसपाळीचा माणूस पहाटे उठून निघतो. अशा घरांत कुणी मोठ्याने घोरत असेल, तर ‘दमला आहे, गाढ झोपला आहे’ असे म्हणून घरचे सोडून देतात. पुढे हाच माणूस कामावर डुलक्या घेऊ लागला, की आळशी ठरतो. या दोन्ही गोष्टींमागे एकच आजार असू शकतो, हे फार उशिरा लक्षात येते. मुंबई-गोवा महामार्गावर गाडी चालवणाऱ्याला किंवा रासायनिक प्रक्रियेवर लक्ष ठेवणाऱ्या कामगाराला हा उशीर महागात पडू शकतो.

या आजाराला वैद्यकीय परिभाषेत ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया’ म्हणतात. मराठीत त्याला झोपेतील श्वासरोध म्हणता येईल. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी रात्री संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत जुहू येथील रुग्णालयात निधन झाले. डॉक्टरांनी मृत्यूचे कारण सांगताना या आजाराचा उल्लेख केला आणि दुसऱ्या दिवशी मराठी घरांतही हे नाव पोहोचले. मुंबईतील डॉक्टरांना मात्र ते नवे नव्हते. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील ३५ ते ६५ वयोगटातील पुरुषांचा अभ्यास करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. झोपेत श्वास अडखळण्याचे प्रमाण त्यांना १९.५ टक्के आढळले. त्याच्या जोडीला दिवसा पेंग येणे, म्हणजे खऱ्या अर्थाने आजार, ७.५ टक्के पुरुषांत होता.

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. काहींमध्ये ते इतके सैल पडतात, की जीभ आणि मऊ टाळू मागे सरकून श्वासमार्ग मिटतो. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ हवा थांबली, की तो एक श्वासरोध मोजला जातो. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकून माणसाला क्षणभर जागे करतो, मोठा आवाज करीत श्वास पुन्हा सुरू होतो आणि माणूस परत झोपतो. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. तासाला असे (पूर्ण किंवा अर्धवट) पाच ते पंधरा प्रसंग म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तीसच्या वर गेल्यास तीव्र आजार, अशी ढोबळ विभागणी आहे. ही मोजणी झोपेच्या तपासणीत होते. तपासणी रुग्णालयात रात्रभर राहून करता येते. निवडक रुग्णांमध्ये छोटे यंत्र घरी नेऊनही करता येते. वरसे-रोहा परिसरातील रुग्णाला यासाठी बहुधा पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबई गाठावी लागते.

मध्यम व तीव्र आजारावरचा प्रमुख उपचार म्हणजे ‘सीपॅप’ यंत्र. त्याची कथा रंजक आहे. १९८० पर्यंत तीव्र रुग्णासाठी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवणे हाच खात्रीचा उपाय होता. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी व्हॅक्युम क्लिनरच्या मोटरचा वापर करून नाकावाटे सतत दाबाची हवा सोडण्याची क्लृप्ती शोधली आणि १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पाच रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. तत्त्व आजही तेच आहे. यंत्र प्राणवायू देत नाही. खोलीतलीच हवा ते दाबाने सोडते आणि त्या हवेचा घशाला आतून टेकू मिळतो. दाब ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका ठेवता येतो. दहा सेंटिमीटर म्हणजे साधारण पेलाभर पाण्याच्या तळाशी जेवढा असतो तेवढाच. आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही.

भोक पडलेला नळ

अडचण सुरू होते ती तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्यांची. नाकावरच्या मास्कमधून आलेली हवा टाळूच्या मागून घशात उतरते. तोंड उघडे असेल, तर ती घशाला टेकू देण्याऐवजी तोंडातून बाहेर पडते. टाकीपासून येणाऱ्या नळाला मध्येच भोक पडावे आणि पुढे धार बारीक व्हावी, तसा हा प्रकार. घशातला दाब उतरतो, श्वासरोध परत येतात आणि दाब आपोआप बदलणारे यंत्र असेल, तर ते अधिक जोर लावते. परिणामी गळती आणखी वाढते. सकाळी उठल्यावर जीभ टाळूला चिकटलेली, घसा कोरडा, कधी पोटात हवा जाऊन ढेकर, असा अनुभव येतो. तीन-चार रात्रींनंतर यंत्र कपाटावर जाते आणि तीस-चाळीस हजारांपासून पुढे किंमत असलेली ती वस्तू तेथेच धूळ खाते. उपचार सोडला जातो तो बहुतेकदा याच टप्प्यावर.

यात एक दुष्टचक्रही आहे. सिडनीच्याच संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवून दिले, की तोंडातून गळती होत असताना नाकातून एकाच दिशेने हवेचा मोठा झोत वाहतो, त्याने नाकाचे अस्तर कोरडे पडते आणि नाकातला अडथळा वाढतो. नाक चोंदले की तोंड अधिक उघडते. हवा गरम व दमट करून दिल्यास हे बऱ्याच अंशी टळते, हेही त्याच अभ्यासात दिसले. कोकणातल्या रुग्णाचा येथे हमखास प्रश्न असतो, की आमच्याकडे हवा मुळातच दमट, मग यंत्राला पाण्याची टाकी कशाला? त्याचे उत्तर साध्या भौतिकशास्त्रात आहे. २५ अंश सेल्सिअसला पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावते. शरीराच्या ३७ अंशांना हाच आकडा ४४ ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे आषाढातली रोह्याची हवाही नाकाच्या दृष्टीने अर्धी कोरडीच असते आणि उरलेले पाणी अस्तराकडून ओढून घेतले जाते.

आधी नाक, मग मास्क

‘मी तोंडाने श्वास घेतो, तेव्हा मला तोंड-नाक दोन्ही झाकणारा मोठा मास्क द्या,’ अशी मागणी रुग्ण करतो आणि विक्रेता ती तत्परतेने पुरवतो. ही घाई बरी नव्हे. माणूस तोंडाने श्वास का घेतो, हे आधी पाहिले पाहिजे. नाकाचा पडदा एका बाजूला सरकलेला असेल, नाकात कोंब वाढला असेल किंवा बारमाही सर्दीची अ‍ॅलर्जी असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाणे ही पहिली पायरी. अ‍ॅलर्जीसाठी दिला जाणारा स्टिरॉइडचा फवारा रोज मारावा लागतो आणि त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. चोंदलेले नाक मिनिटभरात मोकळे करणारे थेंब वेगळे. ते तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले, तर नाक उलट अधिकच चोंदते आणि थेंबांची सवय लागते. मिठाच्या पाण्याने नाक धुणे उपयुक्त आहे, मात्र पाणी उकळून गार केलेलेच हवे. पडद्याची शस्त्रक्रिया केवळ एवढ्यासाठीच करावी का, हा प्रश्नही विचारला जातो. अशा शस्त्रक्रियेने श्वासरोध सहसा बरा होत नाही, पण मास्क सुसह्य होतो.

दुसरा गट अशा रुग्णांचा आहे, ज्यांचे नाक मोकळे असते आणि तरी झोपेत जबडा खाली पडतो. यांतील अनेकांचे तोंड श्वासरोधामुळेच उघडलेले असते. गुदमरलेला माणूस हवेसाठी तोंड उघडतो, तसेच हे. योग्य दाबाने घसा खुला राहू लागला, की काही जणांचे तोंड आपोआप मिटू लागते. म्हणून सवय हाच निवाडा मानू नये. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही सर्वसाधारणपणे नाकाच्या मास्कलाच पसंती आहे. मोठ्या मास्कला कडा जास्त असल्याने गळतीच्या जागा जास्त असतात, दाब बहुधा अधिक लागतो, आणि पट्टे आवळले तर तो जबडा मागे ढकलून घसा आणखी अरुंद करू शकतो.

तरीही काहींना मोठ्या मास्कवाचून गत्यंतर नसते, आणि त्यांनी तो नि:संकोच घ्यावा. नाक कायमचे बंद असेल तर दुसरा मार्ग नाही. हल्ली नाकपुड्यांच्या खालून हवा देणारा आणि तोंड वेगळे झाकणारा मास्कही मिळतो, त्यामुळे नाकाच्या दांड्यावर वळ उठत नाहीत. उलटीची प्रवृत्ती असलेल्या किंवा स्वतःच्या हाताने मास्क काढू न शकणाऱ्या रुग्णाने मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तोंड झाकणारा मास्क वापरू नये. काही मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबकाचे टिच असतात; घरात पेसमेकर बसवलेली व्यक्ती असेल, मग ती रुग्ण असो वा शेजारी झोपणारी, तर बिनचुंबकाचा मास्क मागावा.

हनुवटीला बांधायचा पट्टा हा स्वस्त उपाय आहे. नाक मोकळे असणाऱ्यांत तो गळती कमी करू शकतो, पण ओठांच्या फटीतून हवा निसटत असेल तर निरुपयोगी. शिवाय पट्ट्याने घोरणे बरे होते, ही जाहिरातबाजी आहे. तोंडावर चिकटपट्टी लावून झोपण्याची टूम मोबाइलवरच्या चित्रफितींतून पसरली आहे. नाक चोंदलेल्या माणसाने ओठ चिकटवणे म्हणजे स्वतःच्या हाताने श्वास कोंडणे. यंत्राच्या जोडीने अशी पट्टी वापरायची झाली, तरी ती तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच.

सुरुवात रात्री करू नये, हे ऐकायला विचित्र वाटते. तसे करणे मात्र उपयोगी ठरते. पहिले काही दिवस संध्याकाळी दूरदर्शन पाहताना किंवा वर्तमानपत्र वाचताना तासभर मास्क लावून बसावे. तोंड मिटून, जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकवून नाकाने सावकाश श्वास घ्यावा. तोंड उघडताच हवेचा झोत ओठांतून कसा सुटतो, हे जागेपणी एकदा अनुभवले, की रात्रीची भीती ओसरते. मास्कचे माप उभ्याने घेऊन भागत नाही. आडवे पडून, यंत्र सुरू ठेवून, कुशी बदलून पाहावे, कारण गालांचा आकार आडवे झाल्यावर बदलतो. मिशी-दाढीखालून हवा सुटत असेल, तर नाकपुड्यांत बसणाऱ्या उशीसारख्या मास्कचा पर्याय आहे. कमी दाबापासून सुरुवात करून हळूहळू चढत जाणारी सोय बहुतेक यंत्रांत असते, ती पहिल्या आठवड्यात वापरावी. यंत्र आधी भाड्याने घेऊन पाहणे शहाणपणाचे, मास्क मात्र स्वतःचा असावा.

किती तास वापरले, याला फार महत्त्व आहे. रात्री किमान चार तास आणि किमान ७० टक्के रात्री, हा प्रचलित निकष. तो मुळात किमान आहे, पुरेसा नव्हे. हृदयाच्या वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७१७ रुग्णांवरील ‘सेव्ह’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा सीपॅपमुळे हृदयविकाराचे झटके वा पक्षाघात कमी झाल्याचे दिसले नाही. दिवसाची पेंग आणि मनःस्थिती मात्र सुधारली. त्या रुग्णांचा सरासरी वापर रात्रीला अवघा ३.३ तास होता, आणि तेवढ्या वापराने काय साधणार, असा वाद तेव्हापासून चालू आहे. यंत्राची स्मृती वापराचे तास, गळती आणि ताशी श्वासरोध यांची नोंद ठेवते. ताशी श्वासरोध पाचच्या खाली आले आणि तरी तोंड कोरडेच राहिले, तर दाबापेक्षा गळतीचा आलेख आधी पाहावा. रुग्णाने ही नोंद पंधरा दिवसांनी डॉक्टरांना दाखवणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात ती बहुधा कुणी उघडतच नाही.

लहान मुलांचे गणित वेगळे आहे. तोंड उघडे ठेवून घोरणाऱ्या मुलात बहुधा नाकामागच्या व घशातल्या गाठी वाढलेल्या असतात आणि तेथे यंत्राआधी शस्त्रक्रियेचा विचार होतो. मोठ्यांमध्ये वजन हा मुख्य घटक. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टिरझेपटाइड या इंजेक्शनला स्थूल व्यक्तींमधील मध्यम ते तीव्र श्वासरोधासाठी मान्यता दिली. मद्य आणि झोपेच्या गोळ्या घसा अधिक सैल करतात, हे जुनेच सत्य आहे.

रायगडच्या रुग्णाला आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो, तो विजेचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्यातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. वीज गेली की यंत्र थांबते. तोंड झाकणाऱ्या मास्कला अशा वेळी आपोआप उघडणारी झडप असते, तिची भोके बुजलेली नाहीत ना, हे धुताना पाहावे. घरच्या इन्व्हर्टरवर यंत्र चालते, पण पाणी गरम करणारी सोय सर्वाधिक वीज खाते. ती बंद ठेवली तर बॅटरी बरीच जास्त पुरते. टाकीत शुद्ध केलेले, म्हणजे डिस्टिल्ड पाणी घालावे आणि सकाळी उरलेले ओतून टाकावे. पावसाळ्यात नळी वाळत नाही व तिला बुरशीचा वास येतो. ती साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पंख्याखाली दोन्ही टोके खाली करून टांगावी.