आसेब, साखळदंड आणि एक न्यूरॉलॉजिस्ट

चांगली हसती-खेळती तरुण मुलगी अचानक बरळू लागली, घरच्यांना ओळखेनाशी झाली की मोहल्ल्यात पहिला शब्द निघतो तो ‘आसेब’. मग ताविज, दम केलेलं पाणी, दर्ग्याची हाजिरी. हे मी लहानपणापासून पाहत आलोय. म्हणूनच डॉ. जोसेप डालमाऊ यांच्या संशोधनाचा इतिहास मला परका वाटला नाही.

डालमाऊ स्पेनचे न्यूरॉलॉजिस्ट. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग या कॅन्सर संस्थेत त्यांनी डॉ. जेरोम पोस्नर यांच्यासोबत एका कोड्यावर काम केलं. गाठ शरीरात दुसरीकडेच असताना मेंदू का बिघडतो? उत्तर प्रतिकारशक्तीत होतं. गाठीविरुद्ध उभी राहिलेली फौज चुकून मेंदूवरच चालून जाते.

पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात असताना, २००५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चार स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. मानसिक लक्षणं, हरवलेली स्मृती, मंदावलेला श्वास आणि अंडाशयात टेराटोमाची गाठ. या गाठीत केस, दात, कधी चेतापेशीही असतात. २००७ मध्ये कारण हाती लागलं. मेंदूपेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टरना चिकटणाऱ्या अँटिबॉडी! त्या चिकटल्या की रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावरून नाहीसे होतात. अँटिबॉडी हटल्या की ते परत येतात. म्हणजे आजार बरा होऊ शकतो.

२००८ मध्ये त्यांनी १०० रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात ९१ स्त्रिया होत्या. ७७ जणांना आधी मनोविकारतज्ज्ञांनी पाहिलं होतं. ७५ जण पूर्ण किंवा बऱ्यापैकी सावरले. अनेकांना गाठ नव्हतीच.

२००९ मध्ये न्यूयॉर्कची २४ वर्षांची पत्रकार सुझाना कहालन अशीच भ्रमात गेली. दमास्कसमध्ये जन्मलेले डॉ. सुहेल नज्जार यांनी तिला घड्याळ काढायला सांगितलं. तिने सगळे आकडे उजव्या बाजूला कोंबले. मेंदूचा उजवा भाग सुजलाय, हे नज्जार यांनी ताडलं. डालमाऊंच्या प्रयोगशाळेने निदानावर शिक्कामोर्तब केलं. कागद, पेन आणि रुग्णाकडे नीट पाहणारा डॉक्टर, एवढ्याने वाट सापडली.

आता आपल्याकडे या. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आलं नाही. २८ जण गेले. त्यांना हाच आजार होता, असं मी म्हणत नाही. पण त्यांना आजार होता आणि आजाराला साखळी हा इलाज नसतो, एवढं नक्की.

काही जण म्हणतील, तुम्ही श्रद्धेवर घाव घालताय. पण इलाज करा, अल्लाहने आजारासोबत औषधही उतरवलंय, ही शिकवण तर पैगंबरांचीच (स.). दुआ जरूर करा. मात्र वागणं काही दिवसांत पालटलं, सोबत झटके, तोंडाच्या विचित्र हालचाली किंवा गुंगी दिसली, तर आधी न्यूरॉलॉजिस्टकडे जा. पाठीच्या कण्यातल्या पाण्याच्या तपासणीतून या अँटिबॉडी सापडतात. स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, प्लाझ्मा बदलणं आणि गाठ असल्यास शस्त्रक्रिया, असे उपचार आहेत. ते जितके लवकर, तितकं चांगलं.

हाजिरीत गेलेला प्रत्येक महिना त्या मुलीच्या मेंदूतून वजा होत असतो.