हाजी मोहसीनचे नऊ हिस्से

इ. स. १८०६ साली बंगालमधील हुगळी गावी सत्तरी ओलांडलेल्या एका अविवाहित गृहस्थांनी आपली सारी मिळकत वक्फ केली. त्यांचे नाव हाजी मुहम्मद मोहसीन. तरुणपणाची कित्येक वर्षे त्यांनी इराण, अरबस्तानच्या प्रवासात काढली होती. परत आले तेव्हा सावत्र बहीण मन्नूजान खानम विधवा झालेली होती व एवढी मोठी जमीनदारी एकटीने सांभाळत होती. १८०३ मध्ये ती वारली आणि जसोर जिल्ह्यातील सय्यदपूरची जमीनदारी भावाकडे आली. भावाने तीन वर्षांत ती अल्लाच्या नावाने सोडून दिली.

वक्फनाम्यात उत्पन्नाचे नऊ हिस्से पाडले होते. तीन हिस्से इमामबाडा, मोहरम व इतर धार्मिक कामांसाठी. चार हिस्से आश्रितांचे तनखे, पेन्शनी व दानधर्म यांसाठी. उरलेले दोन हिस्से दोन मुतवल्लींना, त्यांच्या देखरेखीचा मोबदला म्हणून. या नवांत शिष्यवृत्तीचा असा वेगळा हिस्सा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे याच पैशाला हिंदुस्थानात ‘मोहसीन फंड’ म्हणून ओळख मिळाली, आणि बंगालच्या किती तरी मुसलमान विद्यार्थ्यांनी या फंडावर बी. ए. पर्यंत मजल मारली. दानधर्माचा पैसा विद्यार्थ्याच्या फीपर्यंत पोहोचायला सदुसष्ट वर्षे लागली. ती का लागली, हे आपल्या लोकांनी नीट समजून घेण्यासारखे आहे. कौमच्या तालीमसाठी पैसा कमी पडतो, असे आपण नेहमी म्हणतो. येथे पैसा होता, भरपूर होता. तरी मुलगा कॉलेजात नव्हता.

हाजी मोहसीन १८१२ साली वारले. त्यानंतर मुतवल्लींनी जे केले ते आपल्याला नवीन नाही. उत्पन्न घरात जाऊ लागले, हिशेब मिळेना, तक्रारी झाल्या. कंपनी सरकारने १८१० च्या कायद्याचा आधार घेऊन वक्फ आपल्या देखरेखीखाली घेतला. काढून टाकलेला पक्ष कोर्टात गेला. दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत चालला आणि १८३५ साली सरकारच्या बाजूने संपला. या भांडणाच्या वर्षांत जमिनीचे उत्पन्न मात्र थांबले नव्हते. लाखो रुपयांची शिल्लक साचली, आणि तिचे काय करायचे हा प्रश्न सरकारपुढे आला.

तेव्हा इंग्रजी शिक्षणाचे वारे होते. मेकॉलेचे टिपण १८३५ चेच. सरकारने ठरवले की या शिल्लकेतून एक कॉलेज काढावे. १ ऑगस्ट १८३६ रोजी हुगळीजवळ चिनसुरा येथे हुगळी कॉलेज सुरू झाले. (मराठी वाचकांसाठी एक गंमत: ज्या हवेलीत या कॉलेजने संसार थाटला ती दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा फ्रेंच सेनापती पेराँ याची. शिंद्यांची नोकरी सोडून तो बंगालकडे आला होता.) कॉलेज उत्तम चालले. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय येथे शिकले. बंगालच्या नव्या मध्यमवर्गाची एक पिढी येथे घडली. याबद्दल कोणी वाईट वाटून घेऊ नये. एका मुसलमानाच्या पैशाने हिंदू मुले शिकली तर ती चांगलीच गोष्ट आहे, आणि हाजी मोहसीन यांच्या उदार स्वभावाविषयी जे सांगितले जाते ते पाहता त्यांनाही तिचे वावडे वाटले नसते. प्रश्न वेगळा होता. ज्या समाजातल्या गरिबांसाठी हा वक्फ होता, त्याची मुले त्या कॉलेजात शंभरात एकही नव्हती.

याचे कारण केवळ धार्मिक कट्टरता असे सांगण्याची पद्धत आहे. ते अर्धे खरे असेल. १८३५ मध्ये कलकत्त्याच्या आठ हजारांवर मुसलमानांनी अरबी-फारसी शिक्षणाचा आधार काढू नये म्हणून अर्ज केला होता, आणि इंग्रजी शाळेकडे संशयाने पाहणारे लोक पुष्कळ होते. पण उरलेले अर्धे कारण साधे, व्यवहाराचे आहे. १८३७ नंतर कचेऱ्यांतून फारसी गेली. ज्या इनाम जमिनींवर मकतब, मदरसे चालत त्यांपैकी कितीतरी सरकारने चौकशी करून परत लावल्या. मुलगा कॉलेजपर्यंत चढायचा तर खाली शिडी हवी. ती शिडी म्हणजे जिल्ह्याची इंग्रजी शाळा, आणि तिथे अरबी-फारसीची सोय नव्हती. जो थोडाबहुत चढला त्याच्यापुढे दरमहा फी उभी. आणि बंगालचा बहुसंख्य मुसलमान तर पूर्वेकडचा शेतकरी. त्याच्यापासून हुगळी शेकडो मैल दूर. कॉलेजची इमारत त्याच्याच नावच्या पैशाची होती, पण त्याने तिथे राहायचे कुठे आणि खायचे काय?

सय्यद अमीर अलींचे उदाहरण पाहावे. ते हुगळीत शिकले, १८६७ मध्ये पदवीधर झाले, पुढच्या वर्षी एम. ए. झाले, आणि सरकारी शिष्यवृत्ती मिळवून विलायतेला गेले. त्यांची बुद्धी तर मोठी होतीच. परंतु त्यांचे कुटुंब चिनसुऱ्यातच राहायला आलेले होते, ही गोष्ट त्यांच्या गौरवाच्या लेखांतून सहसा सुटते. मुलगा घरी जेवून कॉलेजला जात होता. १९०९ साली हेच अमीर अली प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर बसणारे पहिले हिंदी गृहस्थ झाले. ज्या दरबारात मोहसीन वक्फचा दावा सुटला होता, त्याच दरबारात.

या अन्यायाविरुद्ध चिकाटीने बोलणारे गृहस्थ म्हणजे नवाब अब्दुल लतीफ. ते डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते, सरकारी नोकर होते, त्यामुळे त्यांची भाषा अदबीची. पण मागणी स्पष्ट होती. १८६३ मध्ये त्यांनी कलकत्त्यात मोहमेडन लिटररी सोसायटी स्थापन केली आणि मोहसीनचा पैसा मुसलमान विद्यार्थ्यांच्या कामी यावा हे सरकारच्या कानी घालत राहिले. १८७१ मध्ये विल्यम विल्सन हंटर या इंग्रज अधिकाऱ्याचे हिंदुस्थानी मुसलमानांवरील पुस्तक निघाले. त्या पुस्तकातील पुष्कळ निष्कर्ष बंगालपुरते खरे असताना ते सगळ्या देशाच्या मुसलमानांना लावले गेले, हा त्याच्यावरचा आक्षेप योग्य आहे. परंतु हुगळीच्या बाबतीत त्याने सरकारला सरळ बोल लावला: हा दात्याच्या इच्छेशी केलेला विश्वासघात आहे.

१८७३ साली निर्णय झाला. हुगळी कॉलेजचा खर्च सरकारी तिजोरीतून करायचे ठरले आणि मोहसीनचा पैसा मोकळा झाला. त्यातून ढाका, चितगाव, राजशाही येथे मदरसे उभे राहिले. दुसरी तरतूद मला अधिक महत्त्वाची वाटते. सरकारी कॉलेजांत व जिल्हा शाळांत शिकणाऱ्या मुसलमान मुलाच्या फीपैकी दोन तृतीयांश रक्कम फंडाने भरायची. म्हणजे तीन रुपये फी असेल तर दोन रुपये फंडाचे, एक रुपया मुलाच्या बापाचा. तोपर्यंत पैसा एका इमारतीला बांधलेला होता. मुलाने त्याच्याकडे यायचे होते. आता मुलगा जिथे असेल तिथे पैसा जाऊ लागला. बंगालच्या पुढच्या दोन पिढ्यांत जे मुसलमान वकील, शिक्षक, मुन्सफ दिसतात, त्यांच्यामागे हा दोन रुपयांचा हिशेब आहे.

हाच हंटर १८८२ च्या शिक्षण आयोगाचा अध्यक्ष झाला, आणि येथे हा विषय आपल्या मुलखात येतो. मुंबई इलाख्यात १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली होती. तिचे एक संस्थापक बद्रुद्दीन तय्यबजी स्वतः घरच्या पैशाने विलायतेत शिकलेले. व्यापारी कुटुंबांचा पाठिंबा असल्यामुळे मुंबईला मोहसीनची उणीव तितकी जाणवली नाही. कोकणात आणि देशावर ती जाणवत होती. आयोगाने मुसलमानांसाठी प्राथमिक शाळेपासून कॉलेजपर्यंत पायरी-पायरीने चढणाऱ्या खास शिष्यवृत्त्या असाव्यात, काही जागा बिनफी असाव्यात, अशी शिफारस केली. शिडीची गरज आता सरकारी कागदावर आली.

याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले होते. त्यात शिष्यवृत्तीविषयी त्यांनी जे म्हटले ते मला अब्दुल लतीफांच्या सर्व अर्जांपेक्षा धारदार वाटते. चढाओढीच्या परीक्षेने शिष्यवृत्ती देणे हे वरवर न्यायाचे दिसते, पण ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेलेच नाही त्यांच्यापर्यंत ते त्यामुळे पोहोचत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठीच ठेवाव्यात, असा त्यांचा मुद्दा. शिक्षक म्हणून मी रोज वर्गात हे पाहतो. पहिला येणारा मुलगा बहुधा तोच असतो, ज्याच्या घरी अभ्यासाला एक कोपरा असतो.

फीचा प्रश्न असा मार्गी लागत होता. राहण्या-खाण्याचा प्रश्न कोल्हापुरात सुटला. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, आणि पुढे जैन, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या जाती अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी करण्यास हात दिला. १९०६ मध्ये मुसलमानांची सभा भरवून मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली, तिचे अध्यक्षपद स्वतः घेतले आणि मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. राजाने अध्यक्ष व्हावे, यात शोभेचा भाग नव्हता. जागा, उत्पन्न, देखरेख यांची जबाबदारी त्याच्याबरोबर आली. खेड्यातल्या मुसलमान मुलाला शहरात छप्पर आणि दोन वेळची भाकरी मिळाली की फीचे पुढे पाहता येते, हे महाराजांना कळले होते. बंगालच्या नव्वद-शंभर वर्षांच्या कहाणीत नेमकी हीच बाजू लंगडी राहिली होती.

स्वातंत्र्यानंतर यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आलेली ‘ईबीसी’ सवलत आपल्या घराघरांत माहीत आहे. वर्षाचे उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असेल तर फी माफ. जात विचारली नाही, मजहब विचारला नाही. आपल्या समाजात साठ-सत्तरच्या दशकात जे पहिले पदवीधर दिसतात त्यांच्यापैकी बरेच जण या तीन अक्षरांची आठवण काढतात.

त्यानंतर खास मुसलमान विद्यार्थ्यापर्यंत येणारी मोठी सरकारी मदत यायला २००६ चा सच्चर समितीचा अहवाल लागला. २००७-०८ पासून केंद्राने अल्पसंख्याकांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि व्यावसायिक शिक्षणासाठी मेरिट-कम-मीन्स शिष्यवृत्ती सुरू केली. ३० टक्के वाटा मुलींचा. २००९ मध्ये संशोधकांसाठी मौलाना आझाद फेलोशिप आली. मेरिट-कम-मीन्समध्ये वर्षाला वीस हजारांपर्यंत फी आणि वसतिगृहात राहणाऱ्यास दहा महिने दरमहा एक हजार रुपये. म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये. एवढ्यात शहरात कोण राहील आणि काय खाईल? तरीही या रकमेवर मुले इंजिनिअर झाली, हे मान्य केले पाहिजे.

मौलाना आझाद फेलोशिप डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. मॅट्रिकोत्तर व मेरिट-कम-मीन्सची मंजुरी २०२१-२२ पर्यंतची होती. पुढे सगळे अडखळले. २०२३ मध्ये तपासलेल्या १५७२ संस्थांपैकी ८३० बनावट निघाल्या आणि प्रकरण सीबीआयकडे गेले. नसलेल्या विद्यार्थ्यांच्या नावावर पैसा उचलला गेला होता. मुतवल्ली १८१२ नंतरचे असोत की २०२३ चे, शिक्षा मात्र खऱ्या विद्यार्थ्याला झाली.

महाराष्ट्रात आज जी फी सवलत आहे तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या, आर्थिक दुर्बल व मागास गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. चांगले झाले. आता तालुक्याच्या उर्दू शाळेतून नव्वद टक्के घेऊन निघालेल्या मुलीचा बाप फी विचारत नाही. तो विचारतो, ती राहील कुठे? पुणे, औरंगाबाद, सोलापुरात आपल्या वर्गणीतून बांधलेले शादीखाने किती आणि मुलींची बोर्डिंगे किती, हे ज्याने त्याने आपापल्या शहरात एकदा मोजून पाहावे. हाजी मोहसीन यांच्या नऊ हिश्शांपैकी चार हिस्से माणसांच्या पोटापाण्यासाठी होते.