फातिमा : एका नावाचा प्रवास

गडमुडशिंगीच्या एका ख्रिस्ती कुटुंबात १३ मे रोजी कन्यारत्न जन्मास आले. स्नानसंस्काराचा दिवस ठरविण्यासाठी आईवडील आमच्याकडे आले तेव्हा नाव त्यांनी आधीच निश्चित केले होते : फातिमा. सोबत आलेल्या आजींच्या चेहऱ्यावर मात्र काळजी होती. "फादर, ह्ये तर मुसलमानी नाव. उद्या पोरगी शाळंत गेली म्हंजे लोक काय म्हणतील?" आजींचा प्रश्न आम्हांला हसण्यावारी नेता आला नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापूर शहरात उसळलेला तणाव त्यांच्या स्मरणात होता. नावावरून माणसाची बाजू ठरविली जाते, हे त्या जाणून होत्या. त्यांना आम्ही जे सांगितले तेच येथे थोड्या विस्ताराने मांडीत आहोत.

नाव अरबी आहे, यात आजींची चूक नव्हती. फ-त-म या अरबी धातूचा अर्थ बाळाचे अंगावरचे दूध तोडणे. त्यावरून फातिमा म्हणजे दूध तोडणारी माता. दूध तुटलेले लेकरू असाही अर्थ लावला जातो. या नावाची सर्वांत विख्यात स्त्री म्हणजे प्रेषित महंमद आणि खदीजा यांची कन्या, अलींची पत्नी आणि हसन-हुसेन यांची माता. तिचे निधन इ. स. ६३२ मध्ये झाले. तिला जहरा म्हणजे तेजस्विनी आणि बतूल म्हणजे विरक्त, निर्मळ अशी बिरुदे लाभली. यांपैकी बतूल हे बिरुद अरबी परंपरेत पवित्र मरियेलाही लावले जाते. इ. स. ९०९ ते ११७१ या काळात उत्तर आफ्रिकेत व पुढे इजिप्तमध्ये राज्य करणाऱ्या आणि ९६९ मध्ये कैरो नगरीचा पाया घालणाऱ्या घराण्याने आपले फातिमी हे नाव तिच्यावरूनच घेतले.

आपल्या कोल्हापूर भागातही ही स्त्री परकी नाही. येथील अनेक खेड्यांत मोहरमचे पंजे बसतात आणि हिंदू घराणीही त्यांची सेवा करतात. त्या पंजाची पाच बोटे म्हणजे महंमद, अली, फातिमा, हसन आणि हुसेन, असे श्रद्धाळू मानतात. मराठी शिक्षणाच्या इतिहासातही हे नाव भेटते. सावित्रीबाई फुले यांनी आजारपणात नायगावहून १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात, आपल्या गैरहजेरीत फातिमेवर कामाचा भार पडत असेल, अशी काळजी व्यक्त केली आहे.

मग हे नाव ख्रिस्ती घरात कसे आले? इ. स. ७११ मध्ये मुस्लिम सैन्य स्पेनच्या भूमीवर उतरले आणि पुढे पोर्तुगालचा मोठा प्रदेश काही शतके त्यांच्या सत्तेखाली राहिला. ती सत्ता गेली, तरी शब्द राहिले. पोर्तुगालच्या दक्षिण प्रांताचे आल्गार्व्ह हे नाव अरबीतील 'पश्चिम' या अर्थाच्या शब्दापासून आले आहे. त्याच देशात फातिमा नावाचे एक खेडे आहे. बाराव्या शतकात एका ख्रिस्ती सरदाराच्या हाती लागलेल्या मुस्लिम राजकन्येवरून गावाला हे नाव पडले, अशी दंतकथा तेथे सांगतात. दंतकथा बाजूला ठेवली तरी नावाचे अरबीपण लपत नाही.

याच गावाजवळ १३ मे ते १३ ऑक्टोबर १९१७ या काळात लुसिया, फ्रान्सिस्को व जसिंता या मेंढरे राखणाऱ्या तीन मुलांना पवित्र मरियेचे दर्शन घडले. चौकशीअंती स्थानिक बिशपांनी १९३० मध्ये ही दर्शने विश्वासार्ह ठरविली. आपली माता फातिमा माता म्हणून जगभर ओळखली जाऊ लागली आणि ख्रिस्ती मुलींना ते नाव मिळू लागले. फ्रान्सिस्को व जसिंता यांना पोप फ्रान्सिस यांनी १३ मे २०१७ रोजी संत म्हणून घोषित केले. कुराणाचा १९ वा अध्याय मरियमच्या नावाने आहे आणि त्या ग्रंथात नावाने उल्लेखिलेली ती एकमेव स्त्री आहे. मुस्लिम बांधव मरियेचा आदर करतात, याची नोंद दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्रात आवर्जून घेतली आहे.

आता पुन्हा नावाच्या अर्थाकडे वळू. दूध तोडताना बाळ रडते, आईचाही जीव तुटतो. आमच्या लहानपणी बाया त्यासाठी कडुनिंबाचा पाला वाटून लावीत. तरीही ती माया तोडणे नव्हे, लेकराला वाढू देणे होय. इसहाकाचे दूध तुटले त्या दिवशी अब्राहामाने मोठी मेजवानी दिली. हन्नाने शमुवेलाचे दूध तुटेपर्यंत त्याला जवळ ठेवले आणि मग शिलो येथे परमेश्वराच्या मंदिरात अर्पण केले. १३१ व्या स्तोत्रात शांत झालेल्या जिवाला आईजवळच्या दूध तुटलेल्या बाळाची उपमा दिली आहे. पवित्र मरियेनेही आपल्या पुत्राला असेच जगाच्या स्वाधीन केले, थेट क्रुसापर्यंत.

नावांचेही असेच असते. ज्या भाषेच्या कुशीत ती जन्मतात तेथून ती एके दिवशी निघतात, दुसऱ्या अंगणात वाढतात, आणि जन्मदात्रीशी त्यांचे नाते तुटत नाही. आम्ही स्नानसंस्काराचे नोंदणीपुस्तक आजींसमोर उघडले आणि पत्ता वाचून दाखविला : गडमुडशिंगी, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर. तालुका हा शब्द अरबी, जिल्हाही अरबी. आपण रोज लिहितो ती तारीख अरबी, मागतो तो हक्कही अरबी. हे शब्द आपले झाले, मग नातीचे नाव परके का मानावे?

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे आईचंच नाव की ह्ये." यापेक्षा नेमका अर्थ आम्हांलाही सांगता आला नसता. पुढच्या रविवारी बाळाच्या मस्तकावर पाणी ओतताना आम्ही ते नाव स्पष्ट उच्चारले. ही मुलगी शाळेत जाईल तेव्हा तिला कोणी नावाविषयी विचारले, तर संकोच न करता दोन्ही आयांची कथा तिला सांगता यावी, एवढीच प्रार्थना आपण सर्वांनी तिच्यासाठी करू या.