वर्ध्यातल्या संत्रा बागांना थंडी का हवी असते? आणि हंगामी अंदाज का चकवतो?

डिसेंबरमध्ये ढग दाटून आले की शहरात गरम भज्यांचे फोटो पडू लागतात. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) तालुक्यांत मात्र संत्रा बागायतदार धास्तावलेला असतो. याच दिवसांत त्याच्या झाडांना पाऊस नको असतो, थंडी हवी असते. पुढच्या वर्षीचं उत्पन्न बऱ्याच अंशी या काही आठवड्यांवर ठरतं.

आंबिया बहार म्हणजे काय?

विदर्भात संत्र्याचे प्रामुख्याने दोन बहार घेतले जातात. जून-जुलैमध्ये फुलणारा मृग बहार आणि जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया बहार. आंब्याला मोहोर येतो त्याच सुमारास फुलतो म्हणून तो आंबिया. त्याची फळं साधारण ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत बाजारात येतात.

झाड भरभरून फुलावं यासाठी त्याला आधी विश्रांती द्यावी लागते. थंडी पडली की झाडाची वाढ मंदावते. त्याच वेळी बागायतदार बागेचं पाणी बंद करतो. याला ‘ताण देणं’ म्हणतात. हलक्या जमिनीत ताण महिनाभरात बसतो. भारी काळ्या जमिनीत ओल टिकून राहते, त्यामुळे जास्त दिवस लागतात. पानं थोडी पिवळसर पडून गळू लागली की ताण बसला असं समजतात. मग मशागत करून, खत देऊन, आधी हलकं पाणी देत ताण तोडला जातो आणि झाड फुलावर येतं.

मग बिघडतं कुठे?

- ताणाच्या काळात पाऊस: ताण मध्येच तुटतो. फुलांऐवजी नवती, म्हणजे नवी पालवी फुटते. फूल येतं तेही एकसारखं येत नाही.
- थंडीच न पडणं: पाणी तोडूनही झाडाची वाढ सुरू राहते आणि ताण नीट बसत नाही.
- फुलं आल्यावर अचानक ऊन: फेब्रुवारीतच पारा चढला तर फुलं आणि बारीक फळं गळतात. १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशाचं फेब्रुवारीतलं सरासरी कमाल तापमान २०२३ मध्ये सर्वाधिक होतं, तर फेब्रुवारीतलं सरासरी तापमान २०२५ मध्ये.
- गारपीट: फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट विदर्भासह राज्याच्या मोठ्या भागाला झोडपून गेली. अशा वेळी आंबियाचा फुलोरा आणि झाडावरची मृगाची फळं, दोन्ही मार खातात.

विदर्भात हिवाळ्यात पाऊस येतो कसा?

उत्तरेकडून कोरडे, थंड वारे आले आणि आकाश निरभ्र असलं की रात्री पारा झपाट्याने उतरतो. पण पश्चिमेकडून येणारे थंड वाऱ्यांचे झोत आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे मध्य भारतावर एकमेकांना भिडले, की ढग, विजा आणि कधी गारा. ढग असले की जमिनीची उष्णता अडकून राहते आणि रात्रीची थंडी पळते. ही स्थिती काही दिवस आधी दिसू शकते, पण तीन महिने आधी नाही.

हंगामी अंदाज चुकतो का?

अनेकदा अंदाजापेक्षा त्याचा अर्थ चुकतो. २०२४ चं उदाहरण घ्या. ‘ला निना येतोय, यंदा कडाक्याची थंडी’ अशा बातम्या पावसाळ्यापासून फिरत होत्या. प्रत्यक्षात ला निना उशिरा आला आणि दुबळा निघाला. भारतीय हवामान विभागाने तर डिसेंबरच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं की देशाच्या बहुतांश भागात किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता आहे. पण मोबाईलवर पोहोचली ती कडाक्याच्या थंडीची बातमी.

शिवाय हंगामी अंदाज म्हणजे मोठ्या प्रदेशाची तीन महिन्यांची सरासरी आणि तीही शक्यतेच्या भाषेत. हिवाळा उबदार राहिला तरी चार दिवसांची थंडीची लाट येऊ शकते. आष्टीत १५ डिसेंबरला पाऊस पडेल का, याचं उत्तर त्यात नसतं.

कोणता अंदाज कशासाठी पाहायचा?

- तीन महिन्यांचा: फक्त कल समजून घेण्यासाठी.
- चार आठवड्यांचा (हवामान विभाग दर गुरुवारी देतो): ताण कधी सुरू करायचा याच्या नियोजनासाठी.
- पाच ते सात दिवसांचा: फवारणी, तोडणी आणि ताण तोडण्याचा दिवस ठरवण्यासाठी.
- काही तासांचा इशारा: विजा आणि गारपिटीपासून माणसं व जनावरं वाचवण्यासाठी.

मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. तो ‘मेघदूत’ ॲपवर मराठीत मिळतो. मात्र हा सल्ला जिल्ह्याजवळून देण्यासाठी कृषी विज्ञान केंद्रांमध्ये सुरू केलेली देशातली १९९ युनिट्स २०२४ मध्ये बंद झाली.

बागायतदार काय करू शकतात?

पावसाचं पाणी बागेत साचू नये म्हणून उताराला चर काढणं हा पहिला उपाय. साचलेल्या पाण्यामुळे ताण तर तुटतोच, शिवाय मूळकूज आणि डिंक्याचा धोका वाढतो. खोडांना बोर्डो पेस्ट लावली जाते ती यासाठीच. ताण मध्येच तुटला तर वाढ रोखणाऱ्या फवारणीची शिफारस आहे, पण तिचं प्रमाण कृषी विद्यापीठाच्या किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या सल्ल्यानेच ठरवावं.

एक सावधगिरी महत्त्वाची. ‘थंडीची लाट आली, रात्री पाणी द्या’ असा मेसेज दरवर्षी फिरतो. परसबागेतल्या टोमॅटो-वांग्यासाठी तो उपयोगी आहे. ताणावर असलेल्या संत्र्याला तेच पाणी दिलं तर बहार हातचा जातो.

विमा आहे, पण…

हवामान आधारित फळपीक विमा योजनेत आंबिया संत्र्यासाठी अवेळी पाऊस आणि तापमानाचे निकष आहेत. भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर. पाऊस तुमच्या शेतात पडला आणि केंद्रावर नाही, तर नुकसान होऊनही पैसे मिळत नाहीत. म्हणूनच बागेत साधं पर्जन्यमापक लावून रोजची नोंद ठेवणं फायद्याचं. त्या नोंदीवर विमा मिळणार नाही, पण आपल्या शिवारात अंदाज किती खरा ठरतो, हे दोन-तीन हंगामांत कळू लागतं.