रंगभूमि आणि वर्तमानपत्र

जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली इतिहासाच्या अभ्यासासाठीं चाळणारा मनुष्य बहुधा एक चूक करतो. अग्रलेख, तारा, खटल्यांच्या हकीगती यांवर त्याची दृष्टि खिळून राहते. आणि अमुक रात्रीं अमुक नाटक, अमुक ठिकाणीं मेळा, अमुक वाड्यांत कीर्तन असा जो बारीक टाइपांतील मजकूर असतो, त्यावरून ती सहज घसरते. नाटकाचा इतिहास लिहिणारा नेमकें याच्या उलट करतो. परंतु ज्या घरीं तो अंक येई त्या घरीं हे दोन्ही मजकूर एकाच बैठकींत वाचले जात, आणि सकाळीं राजद्रोहाच्या खटल्याची हकीगत वाचणारा गृहस्थ पुष्कळदां रात्रीं नाटकगृहांत जाऊन बसे. सकाळचें वाचन दाराबाहेर ठेवून तो आंत शिरत नसे, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते.

मराठी संगीत नाटक आणि 'केसरी' हीं एकाच शहरांत, जेमतेम दोन महिन्यांच्या अंतरानें जन्मास आलीं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चे पहिले चार अंक पुण्यांत ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं रंगभूमीवर झाले. 'मराठा' व 'केसरी' यांचे पहिले अंक १८८१ च्या जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यांत निघाले. एकाचा दुसऱ्याशीं कार्यकारणसंबंध लावण्याचा आमचा हेतु नाहीं. पण दोघांचा आश्रयदाता वर्ग एकच होता, एवढें कोणीही मान्य करील.

हे दोन प्रवाह ज्या एका पुरुषाच्या ठिकाणीं मिळाले ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर होत. टिळकांच्या हाताखालीं 'केसरी'त लिहिणारी लेखणी आणि 'कीचकवध' लिहिणारी लेखणी एकच. हें नाटक १९०७ सालीं महाराष्ट्र नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणलें. कथा घरोघर ठाऊक असलेली. विराटाच्या दरबारीं पांडव अज्ञातवासांत आहेत. राणीचा भाऊ कीचक सैरंध्रीची अभिलाषा धरतो. कंकभट झालेला युधिष्ठिर धीर धरावयास सांगतो, आणि बल्लव झालेला भीम धीर न धरतां कीचकास ठार करतो. एखाद्या पुराणिकानें देवळांत हीच कथा सांगितली असती तर श्रोते डोळे पुसून घरीं गेले असते.

पण १९०७ सालचा प्रेक्षक कोरी पाटी घेऊन आलेला नव्हता. १९०५ च्या ऑक्टोबरांत वंगभंग अमलांत आला होता. स्वदेशी आणि बहिष्कार हे शब्द रोजच्या बोलण्यांतले झाले होते. आणि त्याच १९०७ च्या अखेरीस सुरतेस मवाळ व जहाल यांची उघड फूट पडली. त्यामुळें सैरंध्री ही मातृभूमि, कंकभट मवाळ, बल्लव जहाल, आणि कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हा अर्थ प्रेक्षक आपण होऊनच लावीत. यांत गंमत अशी कीं, नाटक रंगभूमीवर आलें तेव्हां कर्झनसाहेब हिंदुस्थान सोडून वर्षाहून अधिक काळ लोटला होता. मथळ्यांतून गेलेला मनुष्य रंगभूमीवर मात्र नित्य मारला जात होता!

आणि हें जवळजवळ तीन वर्षें चाललें. नाटकाची संहिता १९१० सालीं जी होती तीच १९०७ सालीं होती. नाट्यप्रयोगांस बंदी करण्याचा अधिकार सरकारास १८७६ च्या कायद्यानें, म्हणजे बंगालमधील नाटकांचा बंदोबस्त करण्यासाठीं झालेल्या कायद्यानें, आधींच मिळालेला होता. मग तीन वर्षें थांबण्याचें कारण काय? संहिता बदलली नाहीं, बातम्या बदलल्या. १९०८ च्या जुलईंत टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेस झाली. 'केसरी'ची धुरा खाडिलकरांवर आली. १९०९ च्या जून महिन्यांत गणेश दामोदर सावरकर यांस कवितांबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जुलईंत लंडनला कर्झन वायलीचा वध झाला. या प्रत्येक बातमीसरशी 'कीचकवधां'तल्या त्याच वाक्यांस नवें वजन येत गेलें, आणि लेखकास एक अक्षरही नव्यानें लिहावें लागलें नाहीं.

यानंतर २१ डिसेंबर १९०९ ची रात्र. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती. ते संस्कृताचे जाणकार म्हणून प्रसिद्ध होते. सावरकरांचा खटला सेशनकडे पाठविणारेही तेच. त्यांच्या निरोपाप्रीत्यर्थ विजयानंद नाटकगृहांत किर्लोस्कर नाटक मंडळीनें देवलांच्या 'शारदे'चा प्रयोग ठेवला होता. खेळाची वेळ व जागा गांवांत सर्वांस ठाऊक. अनंत कान्हेरे या अठरा वर्षांच्या आगेंमागें असलेल्या तरुणानें तेथेंच त्यांच्यावर पिस्तूल झाडलें. पुढें १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्यास कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांस फांशी देण्यांत आलें. त्या कृत्याच्या युक्तायुक्ततेचा विचार येथें करावयाचा नाहीं. लक्षांत घेण्यासारखें इतकेंच कीं, त्या रात्रींचें नाटक जरठविवाहाचें होतें. त्यांत राजकारणाचा लवलेश नव्हता. (या नाटकाचें आणि बातम्यांचें नातें विलक्षणच म्हणावयाचें: १९२९ च्या बालविवाहप्रतिबंधक कायद्यास 'शारदा कायदा' म्हणत असल्यानें तो देवलांच्या नायिकेवरून आला अशी पुष्कळांची समजूत असते. खरें पाहतां तें नांव हरविलास सारडा यांच्या आडनांवावरून पडलेलें.) गांव आणि कलेक्टर एका छपराखालीं, अंधारांत, शेजारीं शेजारीं बसत अशी जागा त्या काळीं नाटकगृहावांचून दुसरी क्वचितच होती. बातमी तेथें चालत आली ती नाटकामुळें नव्हे, या शेजारामुळें.

सरकारनें मात्र दोहोंचा हिशेब एकत्र केला. १९१० च्या आरंभीं 'कीचकवधा'वर बंदी आली; त्याच वर्षीं वर्तमानपत्रांकडून जामीन मागण्याचा अधिकार देणारा कायदा झाला, आणि गणेशोत्सवांतील मेळ्यांचीं पदेंही पोलिसांच्या नजरेखालीं गेलीं. लंडनच्या 'टाइम्स'चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनीं हिंदुस्थानांतील असंतोषावरील आपल्या १९१० च्या पुस्तकांत या नाटकाची सविस्तर हकीगत दिली. तिच्यांत द्वेष पुष्कळ आहे. पण प्रेक्षक नाटक कसें पाहत होते हें त्या परक्यानें अचूक हेरलें होतें, हें कबूल करावें लागतें. आमच्यांतील कित्येक नाट्यसमीक्षकांनीं तितकेंही पाहिलें नाहीं. याच पुस्तकावरून टिळकांनीं पुढें विलायतेंत बेअब्रूची फिर्याद केली आणि १९१९ सालीं ते ती हरले.

बंदीनंतर वर्ष-सव्वा वर्षांतच, १२ मार्च १९११ रोजीं, खाडिलकरांचें 'मानापमान' मुंबईस रंगभूमीवर आलें. हें त्यांचें पहिलें संगीत नाटक. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनी बालगंधर्वांची. जहाल पत्रकर्त्यानें मथळ्यांतून अंग काढून गाण्यांत आश्रय घेतला, असा आरोप या नाटकावर करतां येईल. आम्हांस तो अर्धाच खरा वाटतो. धनापेक्षां शौर्याचा मान मोठा ठरविणारी ही कथा निरुपद्रवी खरीच. तिच्यावर बंदी घालावयास कोणीही धजलें नसतें.

परंतु दहा वर्षांनीं याच निरुपद्रवी नाटकाच्या वांट्यास जें आलें तें 'कीचकवधा'सही लाभलें नव्हतें. १ ऑगस्ट १९२० रोजीं टिळक वारले. त्यांच्या नांवें एक कोटी रुपयांचा स्वराज्य फंड जमविण्याची चळवळ १९२१ च्या उन्हाळ्यांत देशभर चालली होती, आणि कोणत्या प्रांतानें किती दिले याचे आंकडे वर्तमानपत्रांतून येत होते. त्या फंडासाठीं गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनीं ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईच्या बालीवाला नाटकगृहांत 'मानापमाना'चा संयुक्त प्रयोग केला. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. दोघांचे चाहते एरवीं एकमेकांचें तोंड पाहणारे नव्हेत. त्या रात्रीं ते एकाच नाटकगृहांत बसले. जाहिरात आणि मथळा त्या दिवशीं एकच झाला होता, आणि यावेळीं सरकारास बंद करण्याजोगें त्यांत एकही वाक्य नव्हतें.

तीन महिने पुरे होण्यापूर्वींच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, केशवराव वारले. खाडिलकरांनीं १९२३ सालीं मुंबईस 'नवाकाळ' हें स्वतःचें वर्तमानपत्र काढलें.