कितव्या वर्षी वाचायला लागला?

१५ फेब्रुवारी १८२७ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ राहणाऱ्या एका मुलानं आपल्या थोरल्या बहिणीला पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याला पाच वर्षं पूर्ण होणार होती. इंग्रजीतलं कोणतंही पुस्तक आपल्याला वाचता येतं, लॅटिनमधली नामं, विशेषणं आणि कर्तरी क्रियापदं म्हणता येतात, शिवाय लॅटिन कवितेच्या बावन्न ओळी पाठ आहेत, असं त्यानं बहिणीला कळवलं. बेरीज कुठलीही जमते, गुणाकार मात्र ठरावीक आकड्यांनीच, म्हणून त्यानं ते आकडे मांडले. त्या यादीत ९ आणि ११ हेही होते. पण नंतर बहुधा त्याला आपला दावा जरा जास्त वाटला असावा. त्यानं त्यातला एक आकडा चाकूनं खरवडून काढला आणि दुसऱ्यावर कागदाचा तुकडा चिकटवला.

हा मुलगा म्हणजे फ्रान्सिस गॉल्टन. नव्वद वर्षांनी, १९१७ साली, अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन यांनी या पत्राचा आणि घरच्या इतर नोंदींचा आधार घेऊन गॉल्टनचा लहानपणचा बुद्ध्यंक दोनशेच्या आसपास असावा, असा हिशेब मांडला. त्या नोंदींनुसार गॉल्टनला वर्षाचा असताना मोठी अक्षरं ओळखता येत होती, दीड वर्षाचा होईतो मोठी-लहान दोन्ही, आणि अडीच वर्षांचा असताना त्यानं मुलांसाठीचं एक छोटं पुस्तक वाचून काढलं होतं.

पण पत्र ज्या बहिणीला लिहिलं होतं, तिचं काय? तिचं नाव अडेल. ती फ्रान्सिसपेक्षा बारा वर्षांनी मोठी. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे तिचा बराचसा वेळ पडून राहण्यात जाई. धाकट्या भावाला अक्षरं, वाचन, कविता आणि लॅटिन शिकवलं ते तिनं. त्यासाठी ती स्वतःही शिकत गेली. टर्मन यांनी मोजली ती फ्रान्सिसची बुद्धी. अडेलची मोजण्याचं काही कारणच नव्हतं.

लहानग्या वाचकांचा इतिहास तपासायला घेतला की हीच गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. मूल कितव्या महिन्यात काय बोललं आणि कितव्या वर्षी काय वाचलं, हे तपशीलवार लिहून ठेवलेलं असतं. त्याच्या शेजारी कोण बसलं होतं, हे मात्र तळटिपेत तरी जातं किंवा अजिबात येत नाही.

एकाच वर्षी जन्मलेले दोघे

१७२१ साली जर्मन भाषक मुलखात दोन मुलं जन्मली आणि दोघांचीही कीर्ती युरोपभर पसरली.

पहिला ल्युबेकचा क्रिस्तियान हाइनरिख हाइनेकन. वडील चित्रकार आणि वास्तुकार, आई कलाकार आणि चित्रांची विक्री करणारी. मुलाला शिकवायला फॉन श्योनआइख नावाचे शिक्षक घरी ठेवलेले होते. त्यांच्या सांगण्यानुसार हे मूल दहाव्या महिन्यात बोलू लागलं, वर्षाचं होईतो बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांतल्या मुख्य कथा त्याला माहीत झाल्या, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत इतिहास-भूगोलासह लॅटिन आणि फ्रेंचही येऊ लागलं. संगीतकार टेलेमान त्याला पाहायला गेला होता. १७२४ साली त्याला डेन्मार्कच्या राजासमोर नेण्यात आलं. हे सगळं चालू असताना हे मूल मुख्यतः दूधआईच्या अंगावर पीत होतं, आणि त्याची प्रकृती सतत तोळामासा होती. २७ जून १७२५ रोजी ते वारलं. वय चार वर्षं, चार महिने. पुढे त्या शिक्षकानंच त्याचं चरित्र लिहिलं. आपल्याला हाइनेकनविषयी जे माहीत आहे त्यातलं बरंचसं या एका पुस्तकातून आलेलं आहे, म्हणजे ज्याची स्वतःची कीर्तीही त्या मुलावर अवलंबून होती अशा माणसाकडून.

दुसरा श्वाबाखचा जाँ-फिलिप बारातिये. वडील फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रोटेस्टंट समाजाचे धर्मोपदेशक. घरात आईशी फ्रेंच, वडिलांशी लॅटिन आणि मोलकरणीशी जर्मन, अशी बोलण्याची वाटणी होती, आणि चौथ्या वर्षी तो तिन्ही भाषा बोलत होता. आजच्या बहुभाषिक घरांना यात फारसं नवल वाटणार नाही. बेळगावात किंवा सोलापुरात घरात एक, गल्लीत दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा बोलणारी मुलं पुष्कळ आहेत, आणि त्यांना कुणी विलक्षण म्हणत नाही. बारातियेच्या बाबतीत त्या तीनपैकी एक भाषा लॅटिन होती आणि लॅटिनला मान होता, एवढाच फरक. बारातिये एकोणीस वर्षांचा होऊन वारला. इंग्रजीत त्याचं चरित्र सॅम्युअल जॉन्सननं लिहिलं, तेही मुख्यतः त्याच्या वडिलांच्या पत्रांवरून.

दोन मुलं, दोन लहानशी आयुष्यं, आणि दोन्हींचे साक्षीदार त्यांचे शिक्षक. मुलांनी स्वतः काय अनुभवलं, ते कुठेच नाही.

बाप लिहितो ती गोष्ट

पुढच्या शतकात ही साक्ष देण्यामागचा हेतू बदलला. हाइनेकनकडे लोक देवाची करणी म्हणून पाहत होते. ज्ञानोदयाच्या काळातल्या वडिलांना मात्र मूल म्हणजे एखादा सिद्धान्त पटवून देण्याचं साधन वाटू लागलं.

ग्यॉटिंगनचे इतिहासाचे प्राध्यापक श्ल्योत्सर यांनी आपल्या शिक्षणविषयक मतांची कसोटी मुलीवर लावून पाहिली. डोरोथिया (जन्म १७७०) अगदी लहानपणापासून भाषा आणि गणित शिकली आणि १७८७ साली, सतराव्या वर्षी, तिनं ग्यॉटिंगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. अविवाहित मुलगी असल्यामुळे पदवीच्या समारंभात मात्र तिला बसता आलं नाही.

हालेजवळच्या लोखाव गावचे धर्मोपदेशक विट्टे यांनी तर मूल जन्मण्याआधीच जाहीर केलं होतं की साधारण बुद्धीच्या मुलालाही शिक्षणानं असामान्य करता येतं. मुलगा कार्ल १ जुलै १८०० रोजी जन्मला. वडिलांचा एक नियम कडक होता : बाळाशी बोबडं बोलायचं नाही. वस्तूंची नावं पहिल्यापासून पूर्ण आणि शुद्ध उच्चारायची. अक्षरं मात्र खेळातून शिकवायची. नवव्या वर्षापर्यंत कार्ल जर्मनसोबत फ्रेंच, इटालियन, लॅटिन आणि ग्रीक वाचू लागला, तेराव्या वर्षी डॉक्टर झाला, आणि पुढे दान्तेचा मोठा अभ्यासक म्हणून नावाजला. तो ब्याऐंशी वर्षं जगला. वडिलांनी त्याच्या संगोपनावर १८१९ साली भलाथोरला ग्रंथ छापला. कार्लनं स्वतः मात्र दान्तेवर लिहिलं.

लिहिण्याच्या टेबलाची दुसरी बाजू

भारताशी थेट नातं असलेलं एक टेबल या इतिहासात आहे. जेम्स मिल त्यावर ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास लिहीत होते. भारतात पाऊल न टाकता लिहिलेल्या या ग्रंथानं पुढे कंपनीच्या कित्येक अधिकाऱ्यांची भारताविषयीची समजूत घडवली. त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला त्यांचा थोरला मुलगा जॉन स्टुअर्ट ग्रीक शिकत होता. ग्रीक शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ वडिलांनी कार्डांवर लिहून दिलेले असत. ग्रीक-इंग्रजी कोश तेव्हा नव्हता, आणि लॅटिन येत नसल्यामुळे ग्रीक-लॅटिन कोशाचा मुलाला उपयोग नव्हता. त्यामुळे अडलेला प्रत्येक शब्द तो वडिलांनाच विचारी, आणि एरवी अत्यंत उतावळे असलेले जेम्स मिल लेखन थांबवून उत्तर देत.

मिलच्या आत्मचरित्रात यासंबंधी एक गोष्ट पटकन नजरेआड होते. ग्रीक शिकायला कधी सुरुवात केली, हे आपल्याला आठवत नाही, तीन वर्षांचे असताना असं आपल्याला सांगण्यात आलं आहे, असं तो नोंदवतो. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध बालवाचकाच्या बाबतीतही त्या वयाचा पुरावा म्हणजे ऐकीव माहिती. आपण सगळेच या बाबतीत ऐकिवावर जगतो. पहिला शब्द कोणता बोललो, हे आपल्याला आईनं किंवा आजीनं सांगितलेलं असतं.

स्वतःची नैसर्गिक कुवत सरासरीपेक्षा कमीच आहे, हे शिक्षण मिळालं तर कुणीही एवढं करू शकेल, असं मिलचं मत होतं. वयाच्या विसाव्या वर्षी त्याला तीव्र नैराश्यानं गाठलं, तेही त्यानं मोकळेपणानं लिहिलं. छापील आत्मचरित्रात मात्र त्याची आई जवळपास नाहीच. नऊ मुलांच्या त्या घरात कोण कुणाला भरवत होतं, निजवत होतं आणि त्यांच्याशी बोलत होतं, ते त्यातून कळत नाही.

गॉल्टनचा निष्कर्ष नेमका उलटा होता. प्रतिभा वंशातून येते, असं त्यानं १८६९च्या पुस्तकात मांडलं, आणि १८८३ साली वंशसुधारणेच्या विचारसरणीला नावही दिलं. दीड वर्षाच्या वयात अक्षरं ओळखणाऱ्या या माणसाला लहानपणी अडेलच्या कोचाशेजारी मिळालेल्या तासांचं मोल आपल्या सिद्धान्तात धरावंसं वाटलं नाही.

मंमं

याच काळात गॉल्टनचा आतेभाऊ-मामेभावाच्या नात्यातला एक माणूस वेगळ्या प्रकारे मूल पाहत होता. चार्ल्स डार्विननं १८३९ साली जन्मलेल्या आपल्या पहिल्या मुलाविषयी टिपणं ठेवली, आणि ती १८७७ साली प्रसिद्ध केली. त्यात पराक्रम नाहीत. मूल कधी दचकलं, कधी चिडलं, आरशात पाहून काय केलं, अशा नोंदी आहेत. बरोबर वर्षाचं झाल्यावर त्यानं खाण्यासाठी स्वतःचा एक शब्द घडवला, तो 'मम'. आपल्याकडच्या कोणत्याही घरात हा शब्द भाषांतराशिवाय कळेल. थोरल्या विट्टेंनी तो लगेच दुरुस्त केला असता. डार्विननं तो लिहून घेतला, आणि मूल त्याचा उच्चार मागणीच्या सुरात कसा करतं हेही टिपलं.

भाषेचे टप्पे नोंदवण्याच्या या दोन पद्धती आहेत. एकीत मूल पुढच्या पायरीवर कधी पोचलं, ते लिहितात. दुसरीत मूल काय करू पाहतंय, ते बघतात. विसाव्या शतकात पहिलीची सरशी झाली.

आकड्यांचं शतक

टर्मन यांच्या सहकारी कॅथरिन कॉक्स यांनी १९२६ साली इतिहासातल्या तीनशे एक थोर व्यक्तींच्या बालपणावरून त्यांचे बुद्ध्यंक अंदाजले. सर्वांत वर होता मिल, १९०. मायकेल फॅरडेच्या बालपणाचा पहिला अंदाज आला १०५. फॅरडे हा लोहाराचा मुलगा, पुढे बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला. त्याच्या घरी डायरी लिहायला फुरसत कुणाला होती? तुटपुंज्या माहितीमुळे आकडे खाली येतात, हे कॉक्स यांना कळत होतं, आणि त्यांनी त्यासाठी दुरुस्तीही केली. तरी बुद्धी मोजताना वडिलांकडची शाई किती प्रमाणात मोजली जाते, ते या दोन आकड्यांत दिसतं.

मोजमापाचं ओझं मुलांवर काय पडलं, तेही याच काळात मुलांच्या तोंडून ऐकू येऊ लागलं. विट्टेंच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर १९१४ साली लिओ वीनर यांनी केलं. त्यांचा मुलगा नॉर्बर्ट अकराव्या वर्षी कॉलेजात गेला होता. मुलाचं यश हे शिक्षणपद्धतीचं फळ आहे, असं वडील जाहीरपणे सांगत. नॉर्बर्टनं १९५३च्या आत्मचरित्रात त्याचा अर्थ सांगितला : म्हणजे यश वडिलांचं, आणि अपयश तेवढं आपलं. त्याच सुमारास हार्वर्डमध्ये असलेला विल्यम सायडिस अकराव्या वर्षी दाखल झाला होता. तो पुढे प्रसिद्धीपासून पळत कारकुनी करत जगला, आणि आपल्या खाजगीपणावर घाला घातला म्हणून त्यानं एका साप्ताहिकाविरुद्ध खटला लढवला. तो हरला.

मग १९५८ साली डोलोरेस डर्किन यांनी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये एक साधा प्रश्न विचारला. पहिलीत नुकत्याच आलेल्या ५,१०३ मुलांपैकी घरीच वाचायला शिकून आलेली किती? ती निघाली ४९. त्यांचे बुद्ध्यंक ९१ ते १६१ असे पसरलेले होते. म्हणजे लवकर वाचणं ही काही फक्त अतिबुद्धिमान मुलांची मिरास नव्हती. त्यांतली बरीचशी कामगारांच्या घरांतली होती. पुष्कळांची सुरुवात वाचनानं नाही, तर रेघोट्या मारण्यापासून आणि अक्षरं गिरवण्यापासून झाली होती. नावाचं अक्षर कसं काढायचं, हा डबा काय म्हणतो, असे त्यांचे प्रश्न होते. आणि त्या घरांमध्ये उत्तर द्यायला कुणीतरी होतं. कित्येकदा ती शाळा-शाळा खेळणारी थोरली बहीण होती.

उलटी बाजूही लवकरच नोंदवली गेली. समोर येईल ते वाचणारी, पण वाचलेल्याचा अर्थ त्या मानानं न कळणारी मुलं असतात. त्यांच्यासाठी १९६७ साली 'हायपरलेक्सिया' हा शब्द आला. अशा मुलाला मदतीची गरज असू शकते, आणि नेमक्या त्याच वेळी घरचे पाहुण्यांसमोर त्याच्याकडून वर्तमानपत्र वाचून घेत असतात.

आज आपल्याकडे दोन वर्षांच्या मुलाला शंभर देशांच्या राजधान्या म्हणायला लावून त्याचा व्हिडिओ फिरवला जातो. हाइनेकनला राजासमोर उभं केलं, त्यापेक्षा हे फार वेगळं नाही. फक्त आता राजा प्रत्येकाच्या खिशात आहे. बालवाडीच्या प्रवेशाला, सोसायटीतल्या गप्पांत, परदेशातल्या नातवाशी फोनवर बोलून झाल्यावर, तोच प्रश्न येतो : वाचायला लागला का? कितव्या वर्षी?

हा प्रश्न वाईट नाही. मुलाच्या बोलण्याला उशीर होत असेल तर तो वेळेवर विचारलाच पाहिजे. पण तीनशे वर्षांच्या नोंदींमध्ये वय लिहायला जागा आहे आणि शेजारी बसलेल्या माणसाला नाही, हे कळल्यावर दुसरा एक प्रश्न विचारावासा वाटतो : त्यानं काही विचारलं, तर हातातलं काम थांबवून उत्तर देणारं घरात कोण आहे? तिला स्वतःला शिकायला किती वेळ मिळतो? अडेल गॉल्टनला भावाचं ते पत्र मिळालं तेव्हा ती सोळा वर्षांची होती.